मोबाईलमधली बंदूक आणि कमरेला खोचलेला कट्टा

"मना पोऱ्या रातदिन मोबाईलमा गोया झाडस. काय करो आते?" चोपडा, शिरपूर, शहादा, कुठल्याही तालुक्याच्या शाळेत पालकसभेला जा, कुणीतरी आई हा प्रश्न विचारतेच. तिच्या मनात दोन भीती एकत्र झालेल्या असतात. पोरगा चिडका झालाय, हाक मारली की अंगावर येतो, ही पहिली. गेम खेळणाऱ्या मुलाने कुणाला तरी गोळी घातल्याची बातमी कानावर आलेली असते आणि ती डोक्यातून जात नाही, ही दुसरी.

या दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की घोळ सुरू होतो. म्हणून आधीच सांगून टाकतो. हिंसक गेममुळे मुलाचा रागीटपणा थोडाफार वाढतो का, यावर संशोधकांत अजून वाद आहे. पण गेममुळे माणूस खरी बंदूक उचलून गोळीबार करतो, याला पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची सर्वांत मोठी संघटना, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, हिने मार्च २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली. गेम आणि आक्रमक वागणं, म्हणजे ओरडणं, ढकलणं वगैरे, यांत छोटा संबंध दिसतो. मात्र खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही, असं तिने सांगितलं.

मग वाद नेमका कशावर आहे? आणि बंदूक चालते ती कशामुळे?

राग तोलायचा कसा

राग काही तागडीत घालून तोलता येत नाही. त्यामुळे संशोधकांना आडवाट धरावी लागते. कॉलेजातल्या मुलांना थोडा वेळ गेम खेळायला देतात. अर्ध्यांना मारामारीचा, अर्ध्यांना साधा. नंतर त्यांना सांगतात की, पलीकडच्या खोलीत एक प्रतिस्पर्धी बसलाय, तो हरला की त्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा आणि किती वेळ ते तुम्ही ठरवा. बहुतेक वेळा पलीकडे कुणी नसतंच. ज्याने आवाज मोठा ठेवला तो जास्त आक्रमक, असा हिशोब.

दुसरा प्रकार तिखटाचा. समोरच्या माणसाला तिखट सोसत नाही हे आधी सांगायचं, मग त्याला खायला किती तिखट सॉस द्यायचा ते या मुलांनी ठरवायचं. जास्त दिला म्हणजे जास्त आक्रमक. आपल्याकडे पाहुण्याच्या वाटीत शेवभाजीची तर्री आग्रहाने वाढली जाते आणि त्यात माया असते. एकाच कृतीचा अर्थ माणसागणिक बदलतो, आणि अशा मोजमापाची खरी अडचण तीच आहे. शिवाय प्रयोगातल्या मुलाला ठाऊक असतं की, हे करायला त्याला परवानगी आहे आणि कुणाला इजा होणार नाही. तिथून माणसावर गोळी झाडण्यापर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

या प्रयोगांवर भर देणाऱ्या गटात आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचे क्रेग अँडरसन हे मोठं नाव. २०१० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला की, हिंसक गेममुळे आक्रमक विचार, भावना आणि वागणं वाढतं. स्टेटसन युनिव्हर्सिटीचे ख्रिस्तोफर फर्ग्युसन यांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला. पुढे माल्टे एल्सन या जर्मन संशोधकाने एक गोष्ट दाखवून दिली. आवाजाच्या त्या एकाच चाचणीचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत मिळून दीडशेहून जास्त पद्धतींनी मोजले गेले होते. कुणी फक्त पहिला आवाज धरला, कुणी सगळ्यांची सरासरी, कुणी आवाज गुणिले वेळ. इतक्या वाटा मोकळ्या असल्या की, मनात असलेलं उत्तर मिळवून देणारी एखादी वाट सापडतेच. संशोधक लबाड असावा लागत नाही, नुसता आशावादी असला तरी पुरतं.

यावर उपाय निघाला तो साधा आणि कडक. आकडे हाती येण्याआधीच आपण काय आणि कसं मोजणार ते जाहीर लिहून ठेवायचं, नंतर बदलायचं नाही. ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९ मध्ये असंच केलं. ब्रिटनमधली १४-१५ वर्षांची सुमारे एक हजार मुलं घेतली. गेम किती हिंसक आहे हे मुलाला न विचारता अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं, आणि मूल घरात कसं वागतं ते पालकांना विचारलं. गेम आणि आक्रमकपणा यांत काही संबंध सापडला नाही.

पण दुसऱ्या बाजूचा चांगला पुरावाही दडवून ठेवायचा नाही. २०१८ मध्ये २४ अभ्यासांचे, मिळून १७ हजारांहून जास्त मुलांचे आकडे एकत्र तपासले गेले. या अभ्यासांत मुलांवर काही काळ लक्ष ठेवलं होतं, म्हणजे आधी गेम आणि नंतरचं वागणं. संबंध निघाला, आणि तो गेमकडून वागण्याकडे जाणारा होता. आता त्याचा आकार बघा. ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पक्का संबंध, अशी पट्टी धरली तर उत्तर ०.१ च्या आसपास. संख्याशास्त्रात याचा साधारण अर्थ असा की, मुलामुलांच्या मारकुटेपणात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम शंभरावा भाग गेमच्या खात्यावर टाकता येईल. उरलेले ९९ भाग घर, मित्र, स्वभाव, झोप, शाळा, मार खाण्याची सवय यांचे. आणि यात मोजलं होतं ते हाणामारी, धक्काबुक्की असलं वागणं. गोळीबार या अभ्यासांत कुठेच नव्हता.

संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असंही नाही. भुसावळ-जळगावकडे ज्या आठवड्यात सर्वांत जास्त कूलर विकले जातात, त्याच आठवड्यात उष्माघाताचे रोगीही सर्वांत जास्त येतात. कूलरमुळे उष्माघात होतो असं आपण म्हणत नाही, कारण दोन्हींच्या मागचं ऊन आपल्याला दिसत असतं. गेमच्या बाबतीत ते ऊन दिसत नाही. मुलगे मुलींपेक्षा गोळीबाराचे गेम जास्त खेळतात आणि मारामाऱ्याही मुलगेच जास्त करतात. ज्याच्या घरात रोज भांडणं, तो मोबाईलमध्ये जास्त तोंड खुपसतो आणि शाळेत हातही जास्त उचलतो.

आणखी एका प्रयोगाबद्दल सांगायला हवं, कारण तो मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. २०१९ मध्ये अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलांना जोडीजोडीने माइनक्राफ्टसारखा गेम दिला. काहींच्या गेममध्ये बंदुका होत्या, काहींच्या तलवारी, काहींच्या काहीच नाही. मग त्यांना खेळण्यांच्या खोलीत सोडलं आणि तिथल्या कपाटात खऱ्या, पण निकामी केलेल्या पिस्तुली ठेवल्या. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी बंदुकीचा गेम खेळलेल्या सुमारे ६२ टक्के मुलांनी ती हातात घेतली. शांत गेम खेळलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के. संशोधकांनी यातून गेमच्या परिणामाकडे बोट दाखवलं. मला मात्र तो ४४ चा आकडा जास्त हलवतो. ज्या मुलांनी बंदूक पडद्यावरही पाहिली नव्हती, त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्यांनी खरी पिस्तूल उचलली. कपाटात ती नसती तर उचलणारं कुणीच नव्हतं.

नेम धरणाऱ्याचा इतिहास उलटा वाचू नका

हा सगळा वाद पेटला तो २० एप्रिल १९९९ ला. अमेरिकेतल्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १३ जणांना ठार केलं. दोघं 'डूम' नावाचा गोळीबाराचा गेम खेळायचे, हे कळल्यावर बोट तिकडे वळलं आणि आजवर वळतंय. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो आणि डेटन इथे लागोपाठ हत्याकांडं झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही गेमचं नाव घेतलं होतं.

इथे एक चूक हमखास होते. हल्लेखोराचं घर तपासलं, गेम सापडला, झालं. पण २०१८ च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलग्यांपैकी ९७ टक्के कोणता ना कोणता व्हिडिओ गेम खेळत होते. मग हल्लेखोराकडे गेम सापडला तर त्यातून कळलं काय? तो त्या वयाचा मुलगा आहे, एवढंच. प्रश्न उलटा विचारायला हवा: गेम खेळणाऱ्या कोट्यवधींपैकी किती जणांनी बंदूक उचलली? अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना सुरक्षा देणाऱ्या यंत्रणेने, शिक्षण खात्याबरोबर ३७ शाळांमधल्या हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास केला. हिंसक गेममध्ये रस दाखवलेले निघाले साधारण १२ टक्के. हिंसक सिनेमे आणि पुस्तकं यांत रस असणारे त्याहून जास्त होते. आणि सर्वांत जास्त, ३७ टक्के, ज्यांचा हिंसेचा विचार त्यांच्या स्वतःच्या वहीत, निबंधात, कवितेत उतरला होता. म्हणजे लक्ष ठेवायचंच तर ते पोराच्या लिहिण्या-बोलण्याकडे ठेवायला हवं.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ कर्मचारी मारले गेले. त्या हल्लेखोराबद्दलच्या सरकारी अहवालात त्याच्याकडे गोळीबाराचे गेम होते हे लिहिलंय. त्याच अहवालात हेही आहे की, तो एका थिएटरच्या लॉबीत जाऊन तासन् तास नाचण्याचा गेम खेळायचा. नाचाच्या गेमबद्दल कुणी बोललं नाही. बंदुका त्याच्या आईच्या होत्या, कायदेशीर विकत घेतलेल्या, आणि पहिला बळीही आईच.

कॅलिफोर्नियाने अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घातली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी ती रद्द केली. गेममुळे मुलं आक्रमक होतात हे सादर केलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असं निकालात म्हटलंय.

आता देश शेजारी शेजारी ठेवून बघा. पब्जी हा गोळीबाराचा गेम तयार झाला दक्षिण कोरियात. तिथली पोरं गेममध्ये जगात आघाडीवर, गेमच्या स्पर्धा टीव्हीवर दाखवतात. तिथल्या जवळपास सगळ्या तरुणांना सक्तीची सैनिकी सेवा करावी लागते, म्हणजे खरी रायफल चालवणंही त्यांना येतं. गेम आहे, कौशल्य आहे. पण शिकारीची बंदूक ठेवायची परवानगी मिळाली तरी ती पोलीस ठाण्यात जमा ठेवावी लागते. बंदुकीने होणारे खून तिथे अगदी तुरळक. जपानची गोष्ट तशीच. साडेबारा कोटींच्या आसपास लोकसंख्या आणि गोळीने मेलेल्यांचा आकडा कित्येक वर्षी दहाच्याही आत. अमेरिकेत तेच गेम, आणि २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० जण गेले. त्यातले निम्म्याहून जास्त, २६,३२८, आत्महत्या होत्या. गेमच्या चर्चेत हे लोक कधी येतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. जगभरच्या बंदुकांची मोजदाद ठेवणाऱ्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेत सामान्य नागरिकांकडे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत. भारतात पाचच्या आसपास.

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढची वीसेक वर्षं हिंसक गुन्हे घटत गेले. याच काळात गेमचा धंदा वाढत वाढत घरोघरी पोचला. म्हणून गेममुळे गुन्हे घटले असं मी म्हणणार नाही. वर कूलरबद्दल बोललो तोच नियम इथेही लावला पाहिजे. पण गेम जर बंदुकीला हात घालायला लावत असता, तर हे दिवस असे गेले नसते.

खापर कुणावर फुटतं

पॅट्रिक मार्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या दोनशेहून जास्त गोळीबारांवरच्या दोन लाखांहून जास्त बातम्या तपासल्या. शाळेत गोळीबार करणारा गोरा असेल तर बातमीत गेमचा उल्लेख येण्याची शक्यता काळ्या हल्लेखोराच्या तुलनेत आठपटींहून जास्त होती. आपल्यातल्या मुलाने असं केलं तर बाहेरचं कारण हवं असतं; दुसऱ्याच्या मुलाने केलं तर 'ती माणसंच तशी' एवढं पुरतं. आपण इथे वेगळं वागतो का? कॉलनीतल्या, चांगल्या घरच्या पोराच्या हातात शस्त्र सापडलं की मोबाईल, संगत, गेम. वस्तीतल्या किंवा डोंगरातल्या पाड्यावरच्या पोराकडे सापडलं की त्याची जात विचारली जाते.

जून २०२२ मध्ये लखनौत १६ वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली. देशभर मथळे होते, 'पब्जी खेळू दिला नाही म्हणून'. त्याच बातम्यांत एक ओळ होती की, पिस्तूल वडिलांचं, परवान्याचं, घरातलं. ती ओळ मथळ्यात आली नाही. मे २०२३ मध्ये सर्बियातल्या बेलग्रेडच्या शाळेत १३ वर्षांच्या मुलाने गोळीबार केला, तेही वडिलांच्याच पिस्तुलांनी. २०१९ च्या मार्चमध्ये शेजारच्या गुजरातेत, राजकोटला पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून तो खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना अटकही केली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲप बंद केले त्यात पब्जी गेला. ते कारण मात्र देशाच्या सुरक्षिततेचं आणि माहितीच्या चोरीचं होतं.

आपल्याकडे बंदूक येते कुठून

खानदेशात हा प्रश्न पुस्तकी नाही. चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी अनेर नदीकाठी उमर्टी आहे. अलीकडे महाराष्ट्रातलं उमर्टी, पलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी. पलीकडच्या बाजूला गावठी पिस्तुलं बनतात आणि तिथून ती चोपडा, शिरपूर, जळगाव करत पार पुण्या-मुंबईपर्यंत जातात, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या पोलिसांच्या पथकावर हल्ला झाला आणि एका कॉन्स्टेबलला नदीपलीकडे पळवून नेलं. काही तासांनी त्यांची सुटका झाली. या सगळ्याचा शिक्का संपूर्ण गावावर किंवा एखाद्या समाजावर मारणं अन्यायाचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोखंडावर काम केलेल्या हातांना पोट भरायला दुसरा सरळ धंदा कुणी दिला, हाही प्रश्न विचारायला हवा.

कट्टा म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा कट्टा एका वेळी एकच गोळी झाडतो. ओबडधोबड मूठ, नळी कधी सरळ तर कधी नाही. नळी फुटून चालवणाऱ्याचाच हात जाऊ शकतो. गेममधली चकचकीत रायफल आणि ही वस्तू यांचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. गेममध्ये बोट दाबायची सवय झालेल्या पोराला हा चालवता येईल असं मुळीच नाही, आणि कट्टा बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांना गेमची गरजही पडलेली नाही. जमिनीचा वाद, वाळूचा धंदा, टोळीतली खुन्नस, निवडणुकीतली चुरस, एवढी कारणं पुरतात.

एखाद्या संध्याकाळी गावातल्या पारावर थांबून पोरांचा गेम ऐका. चौघं शेजारी, चारी माना खाली. "भो, नॉक झालो, ये ना लवकर." "झोन येऊ ऱ्हायला, पळ!" "आधी याले रिव्हाइव कर, लूट मग घेजो." एकजण गाडीत मागे राहिला तर बाकीचे जीव टांगणीला लावून त्याची वाट बघतात. त्यातला एक हरल्यावर मोबाईल आपटायच्या बेतात येतो, शिव्या देतो, पाच मिनिटांनी पुन्हा "चल, अजून एक." हाच तो चिडकेपणा, ज्यावर संशोधकांचा वाद चाललाय. तो खरा आहे, पण त्याची वाट कट्ट्याकडे जात नाही.

कट्ट्याकडे जाणारी वाट मला दुसऱ्या पडद्यावर दिसते. हे माझं मत आहे, प्रयोगातून निघालेलं नाही. कमरेला पिस्तूल खोचून रील टाकायची, तलवारीने वाढदिवसाचा केक कापायचा, खाली 'भाई', 'किंग' अशा कमेंट यायच्या. अशा पोरांना पोलिसांनी उचलल्याच्या बातम्या वारंवार येतात. गेममधली बंदूक खेळ संपला की संपते, तिच्यामुळे गावात कुणी वचकून राहत नाही. रीलमधली खरी असते, आणि तिच्यामुळे मान मिळतो असं पोराला वाटतं. तो मान देणाऱ्यांत मोठी माणसंही असतात: वरातीत कुणी हवेत बार काढला की टाळ्या वाजवणारे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेफिकीर बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बेकायदा शस्त्र बनवणं-विकणं याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.

गेमबद्दल पालकांनी काहीच करू नये असं नाही. रात्री दोनपर्यंत जागून पोरगा सकाळी शाळेत पेंगतो, वडिलांच्या खात्यातून गेमसाठी पैसे उडवतो, बोलणं तोडतो, ही रोजची आणि खरी नुकसानं आहेत. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पब्जीच्या भारतासाठीच्या आवृत्तीत, १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. पण पोरं मोठ्यांच्या नंबरावरून खाती उघडतात, त्यामुळे आपण कोणाचा नंबर दिलाय ते एकदा बघून घ्या. रात्री मोबाईल मोठ्यांच्या खोलीत चार्जिंगला राहू द्या. एवढ्याने बरंच होतं.

आणि बंदुकीची भीती असेल तर बंदुकीकडे बघा. घरात परवान्याचं हत्यार असेल तर ते रिकामं करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या पोरांना ठाऊक नसलेल्या जागी. घरात कुणी मनाने खचलेलं असेल तर परवाना असला तरी हत्यार घरात नकोच. कुणाकडे कट्टा आहे, हे गावात सर्वांत आधी पोरांना कळतं. कुणी दाखवला, कुणी हातात दिला, कुणी फोटो काढायला बोलावलं. "मोबाईल काढून घेतील" या धाकापायी ते पोरगं घरी काही बोलत नसेल, तर ही बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही. ती आली तर त्याच्यावर न ओरडता ११२ या पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन करा, आणि सांगितलं कुणी हे गावात बोलू नका.